कुणाचं तरी घर पाहून

ओव्हरसियर पहिल्यांदा आमच्या घरी आले तेव्हा चपला बाहेर काढून सरळ पश्चिमेच्या भिंतीपाशी गेले. आम्ही 'या, बसा' म्हणेपर्यंत त्यांनी भिंतीवर उलटा तळहात टेकवलासुद्धा. तापानं फणफणलेल्या पोराच्या कपाळावर ठेवावा तसा. मग शर्टाच्या खिशातून, जिथं लोक पेन लावतात तिथून, त्यांनी एक थर्मामीटर काढला, भिंतीला लावून धरला आणि चष्मा कपाळावर सरकवून वाचला. माझे यजमान लुंगीवर उभे होते. मी हातातली परात तशीच धरून बघत राहिले.

"हिचा ताप रात्रीसुद्धा उतरत नसणार," ते म्हणाले.

"कुणाचा?" मी घाबरून विचारलं.

"भिंतीचा. तुम्ही भट्टीत राहताय."

एवढं बोलून चहा न घेता ते गेले. आतून सासूबाई आल्या. त्या करमाळ्याकडच्या, आणि शहरातल्या कुठल्याही माणसावर त्यांचा सहजासहजी विश्वास बसत नसे. "कोन हुता गं त्यो? भिती कशापायी चाचपत हुता? घर फोडायच्या आदी असंच बगून जात्यात."

घर फोडणारा थर्मामीटर घेऊन येत नाही, असं यजमान म्हणाले खरे. पण त्या दिवशी त्यांनी मागच्या दाराची कडी दोनदा ओढून बघितली.

सत्तरचं दशक निम्मं उलटलं होतं. सोलापुरात विजापूर रस्त्याला नव्या वसाहती पडत होत्या. मिलमधले कारकून, शाळामास्तर, आडत्ये, सगळ्यांनी आपापल्या कुवतीनं सिमेंटचे बंगले उठवले होते. स्लॅब टाकली की माणूस सुधारला, असा तो काळ. आमच्याही दोन खोल्यांवर स्लॅब होती आणि मार्च लागला की ती आमच्यावर उतरायची. आमच्या शेजारचा प्लॉट मोकळा होता. तो ह्या गृहस्थांनी घेतला. सरकारी बांधकाम खात्यात ओव्हरसियर म्हणून त्यांची सगळी नोकरी राजस्थानच्या वाळवंटात गेली होती, रस्ते आणि बराकी बांधण्यात. निवृत्त होऊन ते आपल्या गावी परत आले होते. बायको, मुलगा आणि सून जुन्या पेठेत भाड्यानं राहत होती. वसाहतीत त्यांना नावानं कुणीच हाक मारली नाही. ओव्हरसियर म्हटलं की तेच.

त्यांचा एक शब्द ठरलेला होता. "कशावरून?" गवळ्यानं दूध ताजं आहे म्हटलं की, "कशावरून?" मुलानं येऊन सांगितलं, साहेब माझ्यावर खूश आहेत, तर, "कशावरून?" एकदा माझ्या यजमानांनी सहज म्हटलं, आज ऊन फार आहे. ओव्हरसियरांनी खिशातला थर्मामीटर काढला, सावलीत धरला, मग उन्हात धरला आणि म्हणाले, "कालच्याइतकंच आहे. तुम्हाला पित्त झालं असेल." सिमेंटवर त्यांचा विश्वास नव्हता, विजेच्या पंख्यावर तर मुळीच नव्हता. "पंखा गारवा देत नाही, आहे तीच आग खोलीत फिरवतो," असं ते म्हणत आणि आमच्याकडे आले की पंखा बंद करायला लावत. भर बाराच्या उन्हात डोक्याला ओलं पांढरं फडकं गुंडाळून ते पायी गावभर हिंडत. लोकांच्या भिंतींना हात लावत. अशा माणसाबद्दल लोक काय बोलणार?

त्यात त्यांचं घर उठायला लागलं.

पश्चिमेला नुसती भिंत. तीही दुहेरी, मध्ये हात जाईल एवढी पोकळी ठेवलेली. रस्त्याच्या बाजूला खिडकी म्हणावी अशी एकही नाही, फक्त विटांची जाळी. सगळ्या खोल्यांची तोंडं आत, मधल्या चौकाकडे. जिन्यावर एक उंच धुराड्यासारखा मनोरा, वरून एकाच बाजूनं उघडा. आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी मूळचे दुधनीचे, आडतीचा धंदा असलेले. तोंडात निम्मी कानडी. ते रोज संध्याकाळी रस्त्यावर उभे राहून ते बांधकाम बघायचे आणि अस्वस्थ व्हायचे.

"एन् री, ओव्हरसियर, घराला तोंडच नाही की हो!"

"तोंड आत आहे," ओव्हरसियर म्हणाले.

"आत म्हणजे? लोकांनी बघायचं काय मग?"

"लोकांनी बघू नये म्हणूनच."

ह्या उत्तरानंतर सेक्रेटरी गप्प बसणं शक्यच नव्हतं. पुढं एकदा कुंभाराच्या गाड्या भरून मडकी आली. लहान लहान, एका मापाची, गाडीमागून गाडी. वसाहतीतल्या बायका दारात येऊन उभ्या राहिल्या. एवढी मडकी माणसाला कशाला लागतात? ओव्हरसियरांनी ती सगळी गच्चीवर नेऊन पालथी मांडली, एकाला एक लागून, आणि वरून चुन्यात विटांचा चुरा कालवून थर दिला. सासूबाई आमच्या गच्चीवर वाळवणाच्या निमित्तानं चढून ते बघत होत्या. खाली आल्या त्या पदरानं तोंड पुसत. "पालती मडकी. डोक्यावर. मी हितं आता ऱ्हानार न्हाय." त्यांना कुणीतरी करणी करतंय असंच वाटत होतं. मी जाऊन ओव्हरसियरांना विचारलं. ते म्हणाले, मडक्यात हवा कोंडते, हवेतून ऊन खाली उतरत नाही. मी हे सासूबाईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, "आन तू इस्वास ठिवलास?"

गंमत म्हणजे घर थोडं आकाराला आलं तसं ते सासूबाईंना ओळखीचं वाटायला लागलं. जाड भिंती, सपाट धाबं, मधला चौक. "आमच्या माळवदाच्या घरावानीच हाय की," असं त्या एकदा बोलून गेल्या. पण त्यानं त्यांचा संशय वाढलाच. शिकलेला माणूस, सरकारी नोकरीतला, तो खेड्यातलं घर शहरात कशाला आणेल? काहीतरी लपवायचं असल्याशिवाय?

लपवायला जागाही तयार होत होती. चौकाच्या मधोमध त्यांनी खड्डा घेतला. तो खोल खोल जायला लागला. आत दगड बांधला, चुना घोटून गुळगुळीत केला, वर तोंड एवढंसं ठेवून लाकडी झाकण बसवलं आणि झाकणाला कुलूप घातलं. आणीबाणीचे दिवस होते. कुणाच्या घरी धाड पडली, कुणाच्या भिंतीत काय सापडलं, ह्याच बातम्या. तळघर आणि कुलूप म्हटल्यावर वसाहतीला आणखी काय हवं होतं? कुणी कळवलं ते शेवटपर्यंत समजलं नाही, पण एका सकाळी जीपमधून दोन माणसं आली. आम्ही सगळे कंपाउंडला टेकून उभे.

ओव्हरसियरांनी त्यांना दारातच थांबवलं. "पाय धुवा."

"आम्ही सरकारी कामासाठी आलोय."

"असाल. पण त्यात पावसाचं पाणी साठणार आहे, आम्ही ते पिणार आहोत. पाय धुवा."

त्या दोघांनी नळाखाली पाय धुतले. कुलूप निघालं. आत काही नव्हतं. नुसता पांढरा, घोटलेला, रिकामा काळोख. एकानं वाकून "ओ" केलं तर आतून त्याचाच आवाज घुमून आला आणि तो दचकला. जीप गेली. सेक्रेटरींनी मान हलवली. "रिकामं आहे म्हणजे माल हलवला बघा आधीच."

कुलूप का, हे मी नंतर एकदा ओव्हरसियरांना विचारलं. ते म्हणाले, तिकडे वाळवंटात पाण्यालाच कुलूप असतं, तिजोरी उघडी राहिली तरी चालते. पुढच्या पावसाळ्यात गच्चीवरचं पाणी जाळीतून गाळून त्या टाक्यात उतरलं. त्यानंतरच्या उन्हाळ्यात नळाला फुसफुस सुरू झाली तेव्हा घागर घेऊन त्यांच्या दारात जाणाऱ्यांत सेक्रेटरीही होते. ओव्हरसियर किल्ली घेऊन झाकणापाशी उभे राहत आणि प्रत्येकाला विचारत, "प्यायलाच ना? कशावरून?" आमच्या सासूबाई पाणी आधी हुंगायच्या, चुन्याचा वास येतो म्हणायच्या, आणि तांब्याभर पिऊन घ्यायच्या.

असं ते घर. त्यात सुनेसाठी गॅसचा ओटा होता, घरातच संडास होता, मुलाची स्कूटर ठेवायला पडवी होती, न्हाणीचं पाणी मागच्या केळींना जात होतं. वैशाखात आम्ही आमच्या खोलीत ओली चादर अंगावर घेऊन पडायचो, आणि कंपाउंडपलीकडून त्यांच्या सुनेच्या शिवणयंत्राची घरघर दुपारभर निवांत ऐकू यायची.

त्या घरात एकच माणूस अवघडल्यासारखं वावरायचं. ओव्हरसियरांची बायको. आम्ही त्यांना काकू म्हणायचो. ठेंगण्या, गोल चेहऱ्याच्या, बोलायला मोकळ्या. पण स्वतःच्या घरात त्या पाहुणीसारख्या बसायच्या, खुर्चीच्या कडेला. चैत्रातल्या हळदीकुंकवाला बाकीच्या बायका गेल्यावर त्यांनी मला थांबवून घेतलं. कैरीचं पन्हं पुढं ठेवलं आणि म्हणाल्या, "तुला कसं वाटतं गं घर?"

"गार आहे काकू. स्वर्ग आहे."

"हे घर माझ्यासाठी नाही बांधलेलं."

मी पेला खाली ठेवला.

"नकाशा काढला नाही ह्यांनी. पाहिलास कधी कागद? प्लॉटवर डोळे मिटून चालायचे. गवंड्याला सांगायचे, इथं उंबरा, इथून डावीकडे वळलं की कोनाडा, इथं वाकायचं. गवंडीच मला म्हणाला, वहिनी, साहेब कुणाचं तरी घर पाहून बांधतायत. लग्नानंतर एक वर्ष मी तिकडे होते. नंतर मुलाच्या शाळेमुळे, सासूबाईंच्या दुखण्यामुळे इकडेच राहिले. हे वर्षातनं एकदा सुट्टीला यायचे. तिकडे कुठं राहता विचारलं तर म्हणायचे, खोली आहे एक. खोली! आणि परवा मी कोनाड्यात माठ ठेवत होते तर हे म्हणाले, इथं ती..." काकू थांबल्या. "एवढंच म्हणाले, आणि गप्प झाले. ती कोण?"

मी घरी येऊन यजमानांना सांगितलं. त्यांनी मला वेड्यात काढलं. पण त्या दिवसापासून मी त्या घराकडे वेगळ्याच नजरेनं बघायला लागले. प्रत्येक कोनाडा कुणीतरी दुसऱ्याच बाईनं लावल्यासारखा दिसायचा. ओव्हरसियर संध्याकाळी चौकात उघड्या आभाळाखाली बसून तिकडच्या बोलीत काहीतरी गुणगुणायचे. इतके दिवस ते मला नुसतं विचित्र वाटायचं. आता ऐकवेना.

पुढं दिवाळीनंतर मी एका दुपारी काकूंबरोबर त्यांच्या चौकात शेंगा फोडत बसले होते. ओव्हरसियर बाजारात गेले होते. दाराशी एक तरुण आला. डोक्याला रंगीत पागोटं, खांद्याला पिशवी. चादरी खरेदी करायला मारवाडातून व्यापारी सोलापुरात नेहमीच येत, त्यातलाच एक. "काकोसा का घर?" त्यानं विचारलं. काका म्हणजे आपलेच हे, असं धरून काकूंनी होकाराची मान हलवली. तो आत आला. जोडे काढले. डावीकडे वळला. तिथल्या ठेंगण्या चौकटीखाली न बघताच वाकला, दाराआडच्या कोनाड्यासाठी हात वर नेला, तसाच खाली आणून तांब्या घेतला, माठातलं पाणी ओतलं आणि वरून धार धरून प्यायला.

मग तो भानावर आला. तांब्या हातात, आम्ही दोघी त्याच्याकडे बघतोय. कानापर्यंत लाल झाला बिचारा.

"माफ कीजिए," तो म्हणाला, "मुझे लगा मैं घर आ गया।"

काकूंच्या हातातली शेंग तशीच राहिली. मग त्यांनी त्याला बसायला सांगितलं आणि एकेक विचारायला सुरुवात केली. हळू, गोड आवाजात, मोडक्या हिंदीत. घरी कोण कोण आहे? आई, बहीण. वडील? तो लहान असतानाच गेले. काकोसा कुठं राहायचे? आमच्याकडेच, वरच्या खोलीत, भाड्यानं. मी चालायला लागलो तेव्हापासून. आई काय वयाची? त्यानं काकूंकडे नीट पाहिलं आणि भाबडेपणानं म्हणाला, "आपकी ही उमर की होंगी।"

तेवढ्यात ओव्हरसियर आले. हातातली भाजीची पिशवी त्यांनी दारातच टाकली, पोराला छातीशी धरलं आणि पहिला प्रश्न विचारला तो तिकडच्या घरच्या टाक्यात पाणी किती आहे हा. मग त्यांची नजर काकूंवर गेली, आणि मी त्यांना पहिल्यांदाच गोंधळलेलं पाहिलं.

काकूंनी त्या पोराला जेवायला घातलं. आग्रह करकरून. बहिणीचं लग्न ठरलंय, तुम्ही दोघांनी यायचंच, माँसानं, म्हणजे आईनं, निक्षून सांगितलंय, असं तो म्हणाला.

"माझ्यानं आता एवढा प्रवास होत नाही," ओव्हरसियर म्हणाले. रोज भर उन्हात गावाला फेरा घालणारा माणूस!

काकू ताटात भाकरी वाढत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "मी येते."

आपल्या मुलाला बरोबर घेऊन त्या खरंच गेल्या. त्या नव्हत्या तेवढे दिवस ओव्हरसियरांनी कुणाच्या भिंतीला हात लावला नाही. गावात फिरणं बंद. पायरीवर बसून रस्त्याकडे बघत राहायचे. सासूबाई कंपाउंडवरून न्याहाळायच्या. "आता भ्यालाय बग कसा. कायतरी हाय त्याबिगर न्हाय." मी एकदा शेंगाचटणी आणि कडक भाकरी घेऊन गेले. त्यांनी ताट हातात घेतलं आणि विचारलं, "पोचली असेल का?" मी म्हटलं, केव्हाच. ते म्हणाले, "मग आता बोलत असतील."

काकू परत आल्या त्याच्या दुसऱ्या दिवशी मी गेलेच. ओव्हरसियर मागे केळींना पाणी सोडत होते, म्हणजे तसं दाखवत होते. काकू हलक्या आवाजात बोलल्या.

"हेच घर गं. दगडाचं, पिवळं, मोठं. पण हेच. डोळ्याला पट्टी बांधली असती तरी चुकले नसते. फरक एकच. तिथले कोनाडे उंच आहेत. मला हात पुरेना. ती उंच आहे."

"आणि?"

"दारातच तिनं मला धरलं, उभं केलं, माझ्या डोक्यावर हात ठेवून माप घेतलं आणि हसायलाच लागली. तिचा पोरगा मध्ये उभा राहून हिंदीत सांगत होता. म्हणाली, मी काकोसांना सांगायची, घर बांधाल तेव्हा कोनाडे इतके खाली घेऊ नका, बायको एवढी काय ठेंगणी असणार आहे! तर ते म्हणायचे, तुम्ही पाहिली नाही तिला." काकूंनी पदर नीट केला. "माझे गुडघे दुखतात ते तिला ठाऊक. धुरानं मला खोकला येतो ते ठाऊक. मला भांड्यांच्या आवाजानं दुपारची झोप लागत नाही, ते मी ह्यांना कधी सांगितलं मलाच आठवत नाही, ते तिला ठाऊक. माझं सगळं तिला माहीत होतं गं. मला ती आहे हेसुद्धा माहीत नव्हतं."

चौकात वरून ऊन पडलं होतं, भिंतीपर्यंत न पोचणारं. मी धीर करून विचारलं, "मग काकू, तसं काही होतं का?"

"विचारायलाच गेले होते." त्या म्हणाल्या, "पण ती मला सारखं वाढतच होती. घास तोंडात असताना कसं विचारणार?"

नवऱ्याला त्यांनी ह्यातलं अक्षरही सांगितलं नाही. हे मला पुढं ओव्हरसियरांकडूनच समजलं. लग्न चांगलं झालं, पाऊस बरा झालाय, एवढंच. ते वाट बघत राहिले. काकू जेवायला वाढायच्या, ते ताटाकडे आणि त्यांच्याकडे आळीपाळीनं बघायचे. खुर्चीच्या कडेला बसायची पाळी आता त्यांची होती. काकू मात्र ऐसपैस झाल्या. कोनाड्यातल्या वस्तू त्यांनी स्वतःच्या मनानं लावल्या, चौकात झोपाळा टांगला, दुपारच्या झोपा काढायला लागल्या.

आणि होळी झाल्यावर ती बाई आली. तिचा मुलगा चादरींसाठी येत होता, त्याच्याबरोबर. काकूंनीच बोलावलं होतं, हे ओव्हरसियरांना ती टांग्यातून उतरली तेव्हा समजलं. खरंच उंच होती. अंगभर घागरा-ओढणी, तोंडावरचा पदर दारात येताच काकूंनी स्वतःच्या हातानं वर केला. आमची अख्खी वसाहत कंपाउंडला. सेक्रेटरींनी आडतीवर जाणंही लांबणीवर टाकलं.

अर्ध्या तासात ओव्हरसियर आमच्या घरी. न बोलावता आले आणि खुर्चीवर बसले. बाहेर रणरणत होतं. स्लॅब तापली होती. पंखा फिरत होता, त्यांनी बंद करा म्हटलं नाही. शर्ट पाठीला चिकटला तरी उठले नाहीत. मी चहा दिला, तो घेतला. आणखी दिला, तोही घेतला.

शेवटी सासूबाईंना राहवेना. "तुमी हितं का बसलाय? घरी पावनी आलीया न्हवं?"

"त्या दोघी बोलतायत."

"मग बोलू द्या की."

"हिला तिची बोली येत नाही. तिला मराठी येत नाही."

"मग काय बोलत्यात?"

"तेच तर!" ओव्हरसियर म्हणाले.

त्याच वेळी कंपाउंडपलीकडून हसणं ऐकू आलं. आधी एकीचं, मग दोघींचं, मग थांबतच नाही असं. ओव्हरसियर उठून खिडकीशी गेले. आमच्या खिडकीतून त्यांच्या घराची नुसती आंधळी भिंत दिसायची. ते तिच्याकडेच बघत उभे राहिले.

"माझ्याबद्दलच असणार," ते म्हणाले.

"जावा की मग. ऐका जाऊन," सासूबाई म्हणाल्या. त्यांच्या आवाजात इतक्या वर्षांनी पहिल्यांदाच त्या माणसाबद्दल थोडी कणव होती.

ते गेले नाहीत. यजमान मिलमधून आले, त्यांच्याशी दोन शब्द बोलून ओव्हरसियर पुन्हा खिडकीशी गेले. ऊन उतरलं. मग पलीकडून काकूंची हाक आली, "जेवायला येताय का तिथंच राहताय?"

ओव्हरसियर माझ्याकडे वळले. "आवाज कसा वाटला? रागाचा होता?"

त्यांनी कॉलर नीट केली, केसांवरून हात फिरवला, चपला शोधून पायात घातल्या. आम्ही तिघंही त्यांच्यामागे फाटकापर्यंत गेलो. ते रस्त्यावर आले, आपल्या दारापर्यंत गेले. दार उघडंच होतं. तिथं ते थांबले, घसा खाकरला, आणि स्वतः बांधलेल्या घराची कडी त्यांनी परक्यासारखी हळूच वाजवली.